खोट्याचा धनी

वकिलाच्या खोलीतली पुस्तके वाचण्यासाठी असतात, असा अशिलांचा एक गोड गैरसमज आहे. निम्मी पुस्तके असतात ती अशिलाला धीर यावा म्हणून. माझ्या साताऱ्याच्या खोलीत तीन भिंतींना छतापर्यंत कपाटे आहेत. त्यांत नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जाडजूड खंड आहेत, ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चे आहेत, आणि काही ग्रंथ तर असे आहेत, की ते माझ्यापेक्षा कसरीनेच अधिक मन लावून वाचले आहेत. चौथ्या भिंतीला दार. त्या दारातून गेली पंचेचाळीस वर्षे माणसे आत येत आहेत. आत येणारा आधी माझ्याकडे पाहत नाही, कपाटांकडे पाहतो. एवढे सगळे ज्याच्या घरात आहे तो आपल्याला हरू देणार नाही, असे त्याच्या मनात येत असावे.

हल्ली मात्र माणसे कपाटांकडे पाहीनाशी झाली आहेत. ती खुर्चीवर टेकता टेकता खिशातून मोबाईल काढतात आणि म्हणतात, “साहेब, आम्ही विचारून आलोय.” पूर्वी कुणी असे म्हणाला की समजावे, याने गावच्या पोलीस पाटलाला विचारले असेल, नाहीतर तीन दावे हरल्यामुळे कायदा कळू लागलेल्या एखाद्या पाहुण्याला. आता विचारतात ते कृत्रिम बुद्धिमत्तेला. हे नाव तोंडात धरायला जड आहे. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी त्याचे केव्हाच ‘एआय’ करून टाकले आहे. मी आपला त्याला यंत्र म्हणतो.

या यंत्राशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हातारा माणूस नव्या वस्तूविषयी लिहू लागला की त्याला नावे ठेवणार, अशी वाचकांची खात्रीच असते. माझ्या ज्युनियरने, म्हणजे वयाने माझ्या नातीएवढ्या असलेल्या एका हुशार मुलीने, ते माझ्या मोबाईलवर बसवून दिले, तेव्हापासून मी त्याचे पुष्कळ खाल्ले आहे. तीनशे पानांची कागदपत्रे वाचून कोणत्या पानावर कोणती तारीख आहे याची यादी ते मला चहा निवायच्या आत करून देते. ही यादी करायला पूर्वी एक रविवार जाई. इंग्रजी निकालाचे मराठी करून देते. खुद्द सर्वोच्च न्यायालयातही २०१९ पासून ‘सुवास’ नावाचे असेच एक भाषांतराचे यंत्र आहे, आणि तिथले निकाल आता मराठीत वाचायला मिळतात. ज्या निकालाने आपली जमीन गेली, तो निकाल आपल्या भाषेत वाचण्याचा हक्क माणसाला मिळावा, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तसे ते यंत्र फजितीही करते. एकदा एका आदेशातल्या ‘लीव्ह ग्रँटेड’ या दोन शब्दांचे त्याने ‘रजा मंजूर’ असे भाषांतर केले. कोर्टाने अपील चालवायला परवानगी दिली, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या अशिलाने तो कागद दोनदा वाचला आणि काळजीने विचारले, “साहेब, म्हंजे जज्जसाहेब सुट्टीवर गेलं का काय?” आम्ही दोघे हसलो. चूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून हसता आले.

हसता आले नाही ती गोष्ट पुढची.

श्रावणात एका दुपारी कोरेगावकडची एक बाई आली. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी लुगडे, डोईवर पदर, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून बांधलेला सात-बारा. मी तिला आक्का म्हणू लागलो, कारण तिच्याबरोबर आलेला नातू सोडला तर सगळा गाव तिला तेच म्हणतो. आक्काच्या वडिलांची नऊ एकर बागायत. दोन भाऊ आणि ही एक बहीण. आई लवकर गेली. १९७४ साली हिचे लग्न झाले. १९९१ साली वडिलांनी आणि दोन्ही मुलांनी रीतसर नोंदणी करून वाटणीपत्र केले: तीन एकर वडिलांना, तीन थोरल्याला, तीन धाकट्याला. २०१२ साली वडील वारले, मृत्युपत्र न करता. भावांनी तलाठ्याकडे वारसाची नोंद लावली, ती आपल्या दोघांची. बहिणीचे नाव घालायचे त्यांना सुचले नाही.

“मला तिसरा हिस्सा पायजे,” आक्का म्हणाली. “तीन एकर.”

कायदा थोडक्यात सांगतो. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. तिचा हा हक्क जन्मानेच आहे, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मांच्या खटल्यात स्पष्ट केले. पण त्याच कायद्यात एक कुंपण आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी जी वाटणी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने झाली, तिला या दुरुस्तीने धक्का लागत नाही. आक्काच्या भावांचे वाटणीपत्र त्या कुंपणाच्या नेमके आत होते. म्हणजे भावांचे तीन-तीन एकर सुटले. राहिले वडिलांच्या नावचे तीन एकर. त्यांचे वारस तीन. तेव्हा आक्काच्या वाट्याला एक एकर. तो मात्र तिचा हक्काचा, आणि तलाठ्याच्या वहीत नाव नसले म्हणून जाणारा नव्हे.

हे मी सांगत होतो तोच नातवाने मोबाईल पुढे केला. “सर, हे बघा. सुप्रीम कोर्टाचं रूलिंग आहे.”

मी वाचले आणि खुर्चीत सावरून बसलो. मुलगी ज्या वाटणीत सामील नव्हती, ती वाटणी नोंदलेली असली आणि २००४ च्या आधीची असली तरी मुलीवर बंधनकारक नाही, असा निकाल. साल २०२१. दोन्ही पक्षांची नावे, न्यायमूर्तींची नावे, खंड, पान, परिच्छेदाचा आकडा, सगळे जागच्या जागी. भाषा तर अशी, की वाचताना न्यायमूर्तींचा आवाज कानी यावा. आक्काला हवे होते ते सारे त्यात होते. पंचेचाळीस वर्षे मी निकाल शोधतो आहे. माझ्या अशिलाच्या मापाने बेतून शिवल्यासारखा निकाल मला क्वचितच सापडला आहे. खरे निकाल अंगाला कुठेतरी काचतातच. हा कुठेही काचत नव्हता.

त्यामुळेच मनात शंका आली. ज्युनियरला बोलावले. सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’ या नावाने कुणालाही फुकट पाहता येतील असे खुले केले आहेत. तिने तिथे पाहिले, आम्ही वर्गणी भरतो त्या संग्रहात पाहिले, शेवटी मी उठून कपाटातला खंड काढला. त्या पानावर दुसराच खटला होता. त्या नावांचे पक्षकार त्या वर्षी त्या न्यायालयात आलेच नव्हते.

मुलीने नातवाला समजावून सांगितले. हे यंत्र जेव्हा असे उत्तर देते तेव्हा ते पुस्तक उघडून पाहत असतेच असे नाही. अगणित मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा त्याला सराव झालेला असतो, आणि त्या सरावाने ते पुढचे शब्द मांडत जाते. काही यंत्रे आता शोध घेऊन दाखलेही जोडतात, पण ते दाखलेही उघडून पाहावेच लागतात. मला आमच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका जुन्या टायपिस्टची आठवण झाली. ‘मेहेरबान दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात’ एवढे म्हटले की ‘सबब विनंती की’ इथपर्यंतचा सगळा मजकूर त्याच्या बोटांतून आपोआप उतरे. दावा कशाचा आहे हे त्याला मागाहून कळे. फरक एवढाच, की मजकुरात रिकामी जागा आली की तो टायपिस्ट थांबून विचारी, “नाव काय घालू?” यंत्र थांबत नाही. ते नाव घालून मोकळे होते.

नातू ओशाळला, पण क्षणभरच. मग हळूच म्हणाला, “सर, कोर्टात नको. पण नोटिशीत घातलं तर? ते कुठं तपासायला बसणारेत? घाबरून दोन एकरावर तरी येतील.”

खोटे कशाला बोलू, मीही क्षणभर गप्प राहिलो. ते दोन एकर मला दिसले. ज्या घराने पन्नास वर्षे या बाईला माहेरची साडी देऊन जमिनीचा विषय मिटवला, त्या घराला थोडी भीती घातली तर बिघडले काय, असे मनात येऊन गेले.

तेवढ्यात आक्काने विचारले, “वकीलसाहेब, ह्ये खोटं लिवलं कुणी मग?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्याजवळ उत्तर नाही असे ध्यानात आले. खोट्या कागदांचे मला वावडे नाही. माझे आयुष्यच त्यांच्या सहवासात गेले. बनावट खरेदीखते पाहिली, मेलेल्या माणसांचे अंगठे पाहिले, मागची तारीख घातलेल्या पावत्या पाहिल्या. पण त्या प्रत्येक खोट्याला धनी असे. कुणीतरी स्टँप विकत घेतलेला असे आणि विकणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद असे. कुणीतरी लिहिलेले असे. खाली साक्षीदार असत. त्यांतल्या एकाला पिंजऱ्यात उभे करून चार प्रश्न विचारले की खोट्याची शिवण उसवू लागे. आमची सारी उलटतपासणी या एका विश्वासावर उभी आहे, की वाक्य आहे म्हणजे ते बोलणारा कुणीतरी आहे. हे खोटे मात्र बेवारशी होते. ते कुणी रचले नव्हते, त्यात कुणाचा स्वार्थ नव्हता, आणि त्याला पिंजऱ्यात बोलावायचे तर समन्स कुणाच्या नावाने काढायचे?

“कुणीच न्हाई लिवलं, आक्का,” मी म्हणालो. “पण मी नोटिशीत घातलं आणि खाली सही केली, की ते माझं.”

बोलताना मला न्यू यॉर्कचा तो गाजलेला खटला आठवत होता. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने विमान कंपनीवर दावा केला होता. त्याच्या वकिलाने याच यंत्राकडून आधार मागवले. यंत्राने निकाल रचून दिले; त्यांत एक कुणा वर्गीसचा चायना सदर्न एअरलाइन्सविरुद्धचा होता. वकिलाला शंका आली, तेव्हा त्याने यंत्रालाच विचारले, हे खरे ना? यंत्र म्हणाले, खरे. साक्षीदाराला त्याच्याच खरेपणाबद्दल प्रमाणपत्र मागण्याचा हा प्रकार. शोध एका वकिलाने घेतला होता आणि सही दुसऱ्याने केली होती, न तपासता. जून २०२३ मध्ये कोर्टाने वकिलांना आणि त्यांच्या पेढीला मिळून पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडेही हे लोण आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी-आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. आणि केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या हाताखालच्या न्यायालयांना बजावले की निष्कर्ष काढण्यासाठी किंवा निर्णय देण्यासाठी या यंत्राचा उपयोग करायचा नाही.

पण न्यू यॉर्कच्या निकालातले एक कलम मला दंडापेक्षाही लागले. कोर्टाने त्या वकिलांना आणखी एक हुकूम केला: झालेला प्रकार आपल्या अशिलाला पत्र लिहून कळवा.

असे पत्र मी कधी लिहिले नाही. लिहायला हवे होते ते १९८३ साली.

तेव्हा माझी सनद चार वर्षांची होती. एक शिंपी माझ्याकडे आला. दुकानाचे भाडे थकले होते आणि मालकाने ताबा मागितला होता. फीला पैसे नव्हते, म्हणून त्याने मला काळा कोट शिवून दिला. मी निकालांच्या सूचीत पाहिले. तिथे दोन ओळींचा सारांश होता: पहिल्या तारखेला सगळी थकबाकी भरली तर भाडेकरूला संरक्षण मिळते. मी खूश झालो, थकबाकी भरायला लावली, आणि मूळ निकाल उघडलाच नाही. खंड बार रूममध्ये होता, वीस पावलांवर. युक्तिवादाच्या दिवशी, त्याच्याच हाताने शिवलेला कोट अंगात घालून, मी त्या दोन ओळी ठणकावून म्हटल्या. समोरचे वयस्कर वकील उठले, त्यांनी तोच खंड उघडला आणि पुढचा परिच्छेद शांतपणे वाचला: आणि त्यानंतर दावा संपेपर्यंत दरमहा भाडे कोर्टात भरत राहिले तर. माझ्या शिंप्याने चार महिने भरले नव्हते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

दुकान गेले. तो माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणालो, “कोर्टाचा कल तसा होता. कायदाच मालकांच्या बाजूचा आहे.” त्याला ते पटले. त्याने नमस्कार केला.

आता सांगा, यंत्राला मी कोणत्या तोंडाने नावे ठेवू? न वाचता, सरावाने, आत्मविश्वासाने, अशिलाला हवे तेच वाक्य मीही म्हटले होते. यंत्राला निदान भीती नाही, लाज नाही, आणि झाकण्यासारखे काही नाही. मला ते सगळे होते, आणि मी ते वापरून माझ्या खोट्याचे धनीपण कोर्टाच्या गळ्यात घातले. आमच्या साताऱ्याजवळच माहुली आहे, रामशास्त्र्यांची माहुली. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही त्यांची गोष्ट आम्ही वकील मंडळी सभांतून मोठ्या अभिमानाने सांगतो. तो शब्द थोर होता, त्याइतकेच थोर हे होते, की बोलणाऱ्याने तो माझा शब्द आहे म्हणून अंगावर घेतला. मी ती गोष्ट कितीदा तरी सांगितली असेन. शिंप्याची कधी सांगितली नाही.

त्या दुपारी ती आक्काला सांगितली. तिच्या नातवालाही. मग म्हणालो, “एक एकराचा दावा मी लावीन. तीन एकराचा लावणारा वकील तुम्हाला मिळेल. पण तो कशाच्या जोरावर लावतो, एवढं त्याला विचारा.” आक्का काही बोलली नाही. पिशवी आवरली आणि निघून गेली. ती परत येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याच आठवड्यात मी पोवई नाक्याकडे शिंप्याच्या मुलाच्या दुकानात गेलो. बाप जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा आता पन्नाशीकडे आला आहे. दुकान गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. मशीनवरचा त्याचा पाय थांबला नाही. “असू द्या, साहेब” असे तो म्हणेल असे मला वाटले होते. खरे म्हणजे ते ऐकायलाच मी गेलो होतो. तो म्हणाला नाही. दोरा तोडला, कापड उलटे केले आणि विचारले, “चहा घेणार का?” मी घेतला.

आक्का नवरात्रात आली. एकटीच. कोणाकोणाकडे जाऊन आली ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. “एक तर एक,” म्हणाली. “लावा.”

दाव्याचा मसुदा मी यंत्राकडूनच करवून घेतला. मजकूर सुरेख उतरला. माझ्या हातून इतका नीटस उतरला नसता. मग एक दिवस बसून त्यातली प्रत्येक तारीख कागदांशी ताडून पाहिली, आणि प्रत्येक निकाल मूळ खंडात उघडून पाहिला, पुढच्या परिच्छेदासकट. शेवटी रिवाजाप्रमाणे सत्यापन होते: ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ हे वाक्यही यंत्राने बिनचूक लिहिले होते. त्याखाली टिंबांची एक ओळ मारून जागा मात्र कोरी ठेवली होती.

आक्काने चष्मा नाही म्हणून मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. मग तिने पेन घेतले आणि एकेक अक्षर दाबून सही केली. तिची झाली, मग मी केली. तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची मिळाली आहे.